दोन मिनिटांची माणसे : चित्रपटातील छोट्या भूमिकांविषयी

१

चिखलोलीच्या आमच्या विहारात दर रविवारी सकाळी अभ्यासवर्ग भरतो. अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्थानकांच्या मधले हे गाव. एका अंगाला धरण, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत आणि मधून रूळ. कित्येक वर्षे लोकल गाड्या येथून न थांबता धडधडत गेल्या. स्थानकाचे काम हाती घेतले गेले ते अलीकडे. वर्गाला कारखान्यात कंत्राटी काम करणारी मुले येतात, कॉलेजात शिकणाऱ्या मुली येतात, दोन-तीन शिक्षक येतात, आणि मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या काही आयाबायाही असतात.

अशाच एका रविवारी वर्ग संपल्यावर एक तरुण मागे थांबला. आय.टी.आय. झालेला, दिवसा कारखान्यात, रात्री एकांकिकेच्या तालमीत. म्हणाला, "सर, एका सिनेमात काम मिळालंय. दोन मिनिटांचं आहे. गटारात उतरणाऱ्या माणसाचं. एक वाक्य आहे. करू का?"

मी विचारले, "त्या माणसाचं नाव काय आहे?"

तो म्हणाला, "नाव नाही सर. कागदावर नुसतं 'सफाईवाला' असं लिहिलंय."

त्याच्या आईला हे पसंत नव्हते. "तुझ्या बापाचा सगळा जन्म त्या कामातून सुटण्यात गेला, आणि तू हौसेनं त्यात उतरतोस?" असे ती त्याला म्हणाली होती. मुलाचा मोह मला समजत होता आणि आईचा संतापही समजत होता. दोघेही खरे होते. त्या दिवशी मी उत्तर दिले नाही; पुढच्या रविवारी बोलू, असे सांगितले. पुढे चार रविवार आम्ही वर्गात याच एका प्रश्नावर बोललो. त्या चर्चेतून जे हाती लागले ते येथे मांडतो आहे. कारण हा प्रश्न त्या एका मुलाचा नाही. भारतीय चित्रपटात दलित माणूस बहुतेक वेळा आला तो छोट्या भूमिकेतूनच. तेव्हा छोट्या भूमिकेचे मोल कसे करायचे, हे आपण शिकून घेतले पाहिजे.

२

प्रथम एक भेद स्पष्ट करू. पडद्यावर गर्दी असते, आणि छोटी भूमिका असते. गर्दीतल्या माणसाला चेहरा असतो, पण कथेला त्या चेहऱ्याची गरज नसते. आज एक उभा केला, उद्या दुसरा केला, तरी कथेचे काही बिघडत नाही. छोट्या भूमिकेचे तसे नाही. तिला वेळ थोडा मिळतो, पण तेवढ्या वेळात एक विशिष्ट माणूस आपल्यासमोर उभा राहतो आणि त्याच्या जागी दुसरा कोणी चालत नाही.

याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण 'शोले'चे आहे. १९७५ साली आलेला हा चित्रपट आमच्या वस्तीने पुढे जयंतीच्या दिवसांत मैदानात पडदा बांधून पाहिला. दुसऱ्या दिवशी पोरांच्या खेळात नायक कोणालाच व्हायचे नव्हते. एक जण उंच दगडावर चढून सांभा व्हायचा आणि दुसरा खाली थरथरत कालिया. मॅक मोहनचा सांभा साऱ्या चित्रपटात जवळजवळ काहीच बोलत नाही. सरकारने गब्बरवर किती इनाम लावले आहे, तो आकडा तो सांगतो, बस्स. विजू खोटे यांचा कालियाही थोडाच वेळ दिसतो. मग ही माणसे पन्नास वर्षे लक्षात का राहिली? कारण त्या दोघांना पडद्यावर स्वतःचे असे एक काम आहे. सांभाच्या तोंडून निघालेल्या आकड्याने गब्बरची उंची मोजली जाते, आणि कालियाच्या भीतीने गब्बरची क्रूरता खरी ठरते. ही दोन माणसे काढून टाका. गब्बर नुसता ओरडणारा माणूस उरतो.

म्हणजे छोटी भूमिका मोठ्या भूमिकेला तोलून धरते. हे धंद्यालाही कळत होते. फिल्मफेअरने सहाय्यक अभिनेत्याचे पहिले पारितोषिक १९५५ साली 'बूट पॉलिश'मधल्या जॉनचाचासाठी डेव्हिड यांना दिले. राष्ट्रीय पुरस्कारांत मात्र सहाय्यक अभिनयाला वेगळी जागा मिळायला १९८४ उजाडावे लागले.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. छोटी भूमिका मोठ्याला तोलून धरते, हे ठीक. पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची उंची स्वतःच्या पाठीवर तोलली, त्यांनी पडद्यावरही तेच करायचे काय? 'शोले'च्या मापाने आपले भागणार नाही. आपल्याला आणखी काही विचारावे लागेल. वर्गात आम्ही तीन प्रश्न ठरवले. या माणसाला पडद्यावर नाव आणि स्वतःचे कारण आहे काय? इतरांना ठाऊक नसलेले किंवा इतरांनी दडवलेले काही त्याला ठाऊक आहे काय? आणि तो निघून गेल्यावर चित्रपटाला पूर्वीसारखे पुढे जाता येते काय?

३

या तीन प्रश्नांना सामोरी जाणारी मराठीतली पहिली मोठी छोटी भूमिका मला 'सामना'मध्ये दिसते. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यात निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील आहे आणि श्रीराम लागू यांचा दारूच्या आहारी गेलेला मास्तर आहे. समीक्षकांनी त्या वेळी आणि नंतरही लिहिले ते या दोघांच्या जुगलबंदीवर. ती जुगलबंदी मोठीच आहे, याबद्दल वाद नाही. पण ती कशावर उभी आहे? ती उभी आहे मारुती कांबळे या माणसावर. डॉ. मोहन आगाशे यांनी केलेली ही भूमिका आठवणींतून, थोड्याशाच प्रसंगांत येते. बाकी सगळा वेळ मारुती कांबळे पडद्यावर नाही. तो नाही, हीच कथा आहे.

त्याचे काय झाले, हा एकच प्रश्न मास्तर विचारीत राहतो. साखर कारखाना, दूध संघ, शाळा, सत्कार, सगळे वैभव समोर मांडून ठेवलेले आहे, आणि त्या वैभवाच्या बुडाशी एक बेपत्ता माणूस आहे. पुढे हा प्रश्न चित्रपटातून बाहेर पडला आणि महाराष्ट्राच्या राजकारणात म्हणीसारखा वापरला जाऊ लागला. एखादे प्रकरण दडपले गेले की वर्तमानपत्रे आणि पुढारी मारुती कांबळेचे नाव घेतात.

येथे आपण जरा थांबले पाहिजे. चित्रपट मारुतीच्या जातीवर भाषण करीत नाही. पण कांबळे हे आडनाव आमच्या वस्तीने ऐकले आणि तिला जे कळायचे ते कळले. ज्यांनी ते नाव म्हण म्हणून वापरले, त्यांना त्यात सत्तेचे रहस्य दिसले. आम्हांला त्यात शेजारचे घर दिसले. आणखी एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. याच सुमारास हेच आगाशे, याच लेखकाच्या आणि याच दिग्दर्शकाच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये रंगमंचावर नाना फडणवीस साकारत होते. सत्ता कशी हसते हे जाणणाऱ्या नटाने सत्तेखाली चिरडलेला माणूस केला. पडद्यावरचा त्याचा वेळ मोजायचा तर नानाच्या तुलनेत तो काहीच नाही. पण आज रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी मारुतीचे नाव आहे.

तीन प्रश्न लावून पाहा. त्याला नाव आहे. त्याला असे काही ठाऊक होते की ज्यासाठी त्याला नाहीसे केले गेले. आणि त्याच्या नाहीसे होण्यामुळे गावाला पूर्वीसारखे पुढे जाता येत नाही.

४

दुसरे उदाहरण शिकलेल्या वाचकांसाठी आहे, कारण ते आपल्याला टोचते. गोविंद निहलानी यांचा 'आक्रोश' १९८० चा, लेखन पुन्हा तेंडुलकरांचेच. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू, म्हणजे ओम पुरी, आणि त्याचे मौन, यावर भरपूर लिहिले गेले आहे. मी वर्गात बोलतो ते अमरीश पुरी यांनी केलेल्या सरकारी वकील दुसाने यांच्यावर. दुसाने स्वतः आदिवासी समाजातून वर आलेला आहे. कायदा तो कोळून प्यायला आहे. आरोपीच्या विरुद्ध तो उभा आहे आणि आपण फक्त कायद्याचे काम करतो आहोत, असे तो स्वतःला समजावतो. पण रात्री त्याच्या घरी फोन येतो. पलीकडून त्याच्या जन्माचा उद्धार होतो. तो ऐकतो. रागाने त्याचा चेहरा ताठ होतो, पण पुढच्या दिवशी कोर्टात तो पुन्हा तसाच उभा राहतो.

शिष्टाचार, पद, इंग्रजी, काळा कोट, हे सगळे अंगावर असूनही एका फोनने माणसाला त्याच्या वस्तीत परत ढकलता येते, हे त्या थोड्या क्षणांत कळते. पगारदार दलितांच्या दुविधेवर आपल्या नियतकालिकांनी पुष्कळ लिहिले. अमरीश पुरींनी ती कानाला लावलेल्या रिसीव्हरने दाखवली. आमच्या वर्गातला एक शिक्षक हा प्रसंग पाहून म्हणाला, "सर, आता फोन येत नाही. आता ग्रुपवर विनोद येतात. पण ऐकून घेणारा चेहरा हाच असतो."

याच चेहऱ्याचा धाकटा भाऊ मला नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मध्ये (२०१६) भेटला. लोखंडे नावाचा प्राध्यापक वर्गात दलित कवितेविषयी शिकवत आहे. पाटलाचा मुलगा प्रिन्स वर्गात फोनवर बोलतो. सर त्याला हटकतात, तेव्हा तो सरळ त्यांच्या थोबाडीत मारतो. प्रसंग काही क्षणांचा आहे. प्रेक्षक गाण्यांच्या तालावर नाचत थिएटरात आला होता. मला वाटते, चित्रपटाच्या शेवटी जे घडणार आहे त्याची पहिली सूचना या थपडेत आहे. वर्गात कविता शिकवता येते, परंतु वर्गाबाहेरची सत्ता वर्गातच बसलेली असते. शिक्षकांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा.

आणि प्रिन्स करणारा सूरज पवार कोण? 'फँड्री'मध्ये (२०१३) जब्याचा सोबती पिऱ्या झालेला हाच मुलगा. एका चित्रपटात तो दरिद्री मित्र आणि दुसऱ्यात माजलेला वारस. दोन्ही भूमिका छोट्या आणि दोन्ही खऱ्या. आमच्या पोरांना फक्त सोसणाऱ्याचेच काम जमते, हा समज मोडायला एवढे उदाहरण पुरे आहे.

५

आता ज्या भूमिकेमुळे चार रविवारांची चर्चा खऱ्या अर्थाने पेटली तिच्याकडे येतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. शाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा की त्यांचे गाणे ऐकून वासुदेव पवार नावाच्या गटार-कामगाराने आत्महत्या केली. नारायण कांबळे झाले ते नागपूरचे वीरा साथीदार. चळवळीतला कार्यकर्ता, 'विद्रोही'चे संपादन केलेला माणूस. २०२१ साली कोरोनाने त्यांना आपल्यातून नेले.

पण मी सांगतो आहे ते वासुदेवच्या विधवेविषयी. शर्मिला पवार हे पात्र, आणि ते करणाऱ्या उषा बने. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येते. वकील विचारतो, ती उत्तर देते. नवरा गटारात उतरण्याआधी दारू प्यायचा, कारण वास सहन होत नसे. आत उतरण्याआधी दगड टाकून पाहायचा. झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजायचे. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. अंगावर संरक्षणाचे काही साहित्य नसे. हे सगळे ती अशा आवाजात सांगते की जणू रेशनच्या दुकानात किती साखर मिळाली ते सांगते आहे. कॅमेरा जवळ जात नाही. मागे करुण संगीत नाही. ती रडत नाही.

हा प्रसंग आम्ही विहारात भिंतीवर दाखवला. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "हिला अभिनय येत नाही असं वाटतं." तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका बाईने उत्तर दिले. ती स्वतः कित्येक वर्षे झाडूकामावर होती. ती म्हणाली, "कोर्टात रडून भागत नाही गं बाई. रडली तर साहेब म्हणतो, बस खाली, पाणी पी, पुढची तारीख घे. जे झालं ते नीट सांगावं लागतं."

त्या मुलीला आणि मलाही अभिनयाविषयी त्या दिवशी जे कळले ते कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. आपण ज्याला भावनाशून्यता म्हणतो ती कष्टकरी बाईची शिस्त असते. उषा बने यांना ती शिकवावी लागली नाही. त्यांचा स्वतःचा नवरा हेच काम करणारा होता आणि साक्षीतले काही तपशील त्यांच्याच संसारातून आलेले आहेत. साक्ष आटोपल्यावर वकील तिला मोटारीतून सोडायला जातो, तेव्हा ती त्याच्याकडे काम मागते. सहानुभूती तिला नको आहे. तिला उद्याचा पगार हवा आहे.

बाहेरच्या जगाची तारीखही येथे लक्षात ठेवावी. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्धचा पहिला कायदा १९९३ चा आणि दुसरा २०१३ चा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये, सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ही रक्कम ३० लाख केली. म्हणजे 'कोर्ट' ज्या वर्षी लोकांसमोर आला, त्याच वर्षी देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टाला मान्य करावे लागले की ही माणसे आपोआप मरत नाहीत. शर्मिला पवार पडद्यावर काही मिनिटांत जे सांगते ते कायद्याच्या शेकडो पानांचे मूळ आहे.

६

येथे आपल्या साहित्यचर्चेतला जुना वाद पुन्हा समोर येतो : सहानुभूती की स्वानुभव? मारुती कांबळे, लहान्या, दुसाने ही पात्रे बाहेरून आलेल्या नटांनी उभी केली. शर्मिला पवार आतून आली. मग पहिली खोटी आणि दुसरी खरी, असे म्हणायचे काय? मला ते पटत नाही. आगाशे आणि अमरीश पुरी यांनी आपल्या वाट्याचे काम चोख केले. पण त्यांच्या भूमिकांतून आपले काय झाले ते जगाला कळले. उषा बने यांच्या भूमिकेत ते सांगणारी आपण स्वतः झालो. हा फरक मोठा आहे. आणि केवळ अनुभव असून भागत नाही, हेही तितकेच खरे. कॅमेरा नको तितका जवळ गेला असता, मागे सनई वाजली असती, तर तीच बाई दयेची वस्तू झाली असती. अनुभव आपला असला तरी तो कसा दाखवायचा, हे दुसराच ठरवत असेल तर लढाई अर्धीच जिंकलेली असते.

या प्रवासाची एक खूण मला तीन दगडांत दिसते. श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मध्ये (१९७४) मुका कुंभार किष्टय्या काम मागायला आनंदाने जमीनदाराकडे जातो आणि चाबकाचा मार खातो. साधू मेहेर यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जरी पडद्यावर ते फार वेळ नाहीत. शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारून पळतो. त्याच्या भूमिकेपेक्षा छोटी भूमिका असू शकत नाही. पण चित्रपटाचे नाव 'अंकुर' का, हे तोच सांगतो. 'फँड्री'त जब्या दगड उचलतो. त्याची भूमिका छोटी नाही, तो नायक आहे, आणि त्याचा दगड थेट आपल्यावर, पाहणाऱ्यावर येतो. तिसरा दगड पायल कपाडिया यांच्या २०२४ साली कान महोत्सवात ग्रांप्री मिळालेल्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये आहे. मुंबईच्या रुग्णालयात स्वयंपाक करणाऱ्या, रत्नागिरीकडच्या पार्वतीचे घर पाडले जाणार आहे आणि तिच्याकडे कागद नाहीत. ती मैत्रिणीसोबत रात्री बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड मारते. पार्वती झालेल्या छाया कदम यांनीच 'फँड्री'त जब्याची आई केली होती आणि 'सैराट'मध्ये पळून आलेल्या जोडप्याला आसरा देणारी सुमनअक्काही. तीन चित्रपट, तीन छोट्या भूमिका, तिन्ही कष्टकरी बायका. पण एकीसारखी दुसरी नाही. त्या प्रत्येकीच्या हाताला वेगळे काम आहे, म्हणून तिचा चेहराही वेगळा आहे.

७

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे. चौथ्या रविवारी मी त्याला सांगितले, "गटारात उतरणाऱ्या माणसाची भूमिका केल्यानं तू लहान होत नाहीस. त्या माणसाला कामात लाज नव्हती. लाज आहे ती त्याला तसा उतरवणाऱ्याला. पण जाण्याआधी तीन प्रश्न विचार. नाव काय, याला काय ठाऊक आहे, आणि हा गेल्यावर कोणाचं काय अडतं. उत्तरं मिळाली तर कर. नाही मिळाली तरी तुला पैशाची गरज असेल तर कर, मी तुला दोष देणार नाही. पण मग ती भूमिका नाही, ती मजुरी आहे, हे स्वतःला माहीत असू दे. आणि मजुरी असेल तर ती पूर्ण घे."

त्याची आई मागे बसली होती. ती काही बोलली नाही.

तो गेला. त्याने विचारले. सहाय्यकाने घड्याळ पाहून सांगितले की नाव वगैरे काही नाही, तुला फक्त झाकण उघडून वर पाहायचे आहे आणि वाक्य बोलायचे आहे. त्याने ते केले. ठरलेल्या पैशांपैकी निम्मे मिळाले. चित्रपट आला तेव्हा ते वाक्य कापलेले होते. तो वर पाहतो तेवढेच उरले होते. आम्ही ते पाहिले. त्याची आई म्हणाली, "वर बघतोय तसाच बघायचे हे." 'हे' म्हणजे तिचा नवरा. त्यापुढे कोणाला बोलणे सुचले नाही.

सध्या तो तरुण स्वतःची एकांकिका लिहितो आहे. तिच्यात सहा पात्रे आहेत आणि सहाही जणांना नावे आहेत. तालमी आमच्या विहारातच चालतात. आई मागच्या भिंतीशी बसून चुका काढते. कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी विनंती एवढीच की अभ्यासवर्गात कविता आणि कथा वाचता तसे चित्रपटही पाहा. नायकाला बाजूला ठेवा. दारात उभा असलेला, पाणी आणून देणारा, पिंजऱ्यात साक्ष देणारा माणूस पाहा, आणि वर सांगितलेले तीन प्रश्न त्याच्यासाठी विचारा. आपली माणसे पडद्यावर किती वेळ होती याची नोंद इतिहासात फारशी मोठी भरणार नाही. त्या वेळात ती काय सांगून गेली, ती नोंद आपल्यालाच ठेवावी लागेल.